पुळणीतली परसबाग

मे महिन्यातली संध्याकाळ होती. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरामागे, समुद्रापासून चार-पाचशे पावलांवर, वांग्याच्या सहा रोपांना मी दोन कळशा पाणी घातलं होतं. वरून वाफा ओला, गडद दिसत होता. काकी खुरपं घेऊन आली आणि रोपापासून वीतभर अंतरावर टोक खुपसून तिनं वाळू बाजूला केली. वरचा बोटभर थर ओला. त्याखाली एका ठिकाणी ओलीची बारीक धार सरळ खोल उतरलेली, आणि तिच्या दोन्ही अंगांची वाळू पिठासारखी कोरडी. ‘‘पाणी घातलंस, पण रवलां खंय तां?’’ एवढंच ती म्हणाली.

हा प्रश्न आमच्या एकट्या परसाचा नाही. कोकण-गोव्याच्या किनारपट्टीवर जिथे जिथे पुळणीवर घरं आहेत, तिथे तो आहे. थरच्या वाळवंटातल्या गावांत आहे, दुबई-मस्कतला भाड्याच्या घरापुढच्या चार हात जागेत कढीपत्ता जगवू पाहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे आहे, आणि ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात तर जवळजवळ प्रत्येक अंगणात आहे, कारण ते शहरच वाळूच्या मैदानावर वसलेलं आहे. सल्ला मात्र सगळीकडे एकच मिळतो: भरपूर शेणखत घाला. सल्ला खोटा नाही, पण उष्ण प्रदेशात तो अपुरा आहे. वाळूला सुधारायचं तर तिला तीन गोष्टी लागतात: टिकून राहणारी थोडी चिकणमाती, पुन्हा पुन्हा घातलेला सेंद्रिय माल, आणि डोक्यावर सावली. पहिलीकडे आपण फारसं बघत नाही, दुसरी एकदाच करून थांबतो आणि तिसरी विसरतो. चार वर्षं वाळूत हात घालून आणि जमेल तितकं वाचून माझं हे मत झालं आहे.

वाळू म्हणजे काय, ते आधी पाहू. मृदाशास्त्रात ०.०५ ते २ मिलिमीटर जाडीच्या कणाला वाळू म्हणतात आणि ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक कणाला चिकणमाती. पाणी आणि अन्नद्रव्यं धरली जातात ती कणांच्या पृष्ठभागावर. एक मिलिमीटरचे कण घेतले आणि तेवढ्याच वजनाचे हजारपट बारीक कण घेतले, तर दुसऱ्यांचा एकूण पृष्ठभाग हजारपट भरतो. शिवाय चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे पोटॅश, चुना, मॅग्नेशियम, अमोनियम हे धनभारित घटक तिला चिकटून राहतात. वाळूचा कण म्हणजे बहुतेक वेळा नुसती गारगोटी. तिला भार जवळजवळ नाहीच. त्यामुळे घातलेलं खत पाण्याबरोबर सरळ खाली जातं.

आकड्यांत सांगायचं तर जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या सिंचनाच्या पुस्तिकेप्रमाणे मीटरभर खोल वाळूत पिकाला वापरता येईल असं पाणी २५ ते १०० मिलिमीटर राहतं, पोयट्यात १०० ते १७५ आणि चिकणमातीत १७५ ते २५०. आता भाजीपाल्याची मुळं धरा फूटभर. म्हणजे वाळूत हाती उरलं ८ ते ३० मिलिमीटर. मे महिन्यात उन्हानं आणि पानांतून दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी उडतं. वाईट वाळू असेल तर दीड दिवसात खातं रिकामं. संध्याकाळी पाणी घालून दुसऱ्या दिवशी दुपारी रोप मान का टाकतं, याचं उत्तर या हिशेबात आहे.

पण काकीच्या खुरप्याखाली दिसलेली कोरडी वाळू हा आणखी वेगळा प्रकार होता. ती वाळू पाणी धरतच नव्हती असं नाही, ती पाण्याला आत घेतच नव्हती. सुरू, काजू, नारळ यांच्या पातेऱ्यातून आणि बुरशीच्या तंतूंतून मेणासारखे पदार्थ सुटतात. ते वाळूच्या कणांवर लेपासारखे बसतात, आणि कण वाळला की पाणी त्याच्यावरून अळवाच्या पानावरून घसरावं तसं घसरतं. मग पाणी सापडेल त्या एखाद्या वाटेनं धार धरून खाली जातं आणि आजूबाजूचं सगळं कोरडं राहतं. ओळखायला सोपं आहे: कोरड्या वाळूवर पाण्याचा थेंब टाका. पाच सेकंदांच्या आत मुरला तर ठीक, त्याहून जास्त वेळ मोत्यासारखा बसून राहिला तर वाळू पाणी नाकारते आहे. आमच्या सुरूच्या झाडाखालच्या वाळूवर तो थेंब मी मिनिटभर पाहत बसलो होतो.

पश्चिम आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात अशी पाणी नाकारणारी वाळू लाखो हेक्टरांवर पसरली आहे, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी शोधलेला उपाय या सगळ्या आढाव्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९६०च्या दशकाच्या अखेरीस काही शेतकऱ्यांच्या लक्षात आलं, की खणताना खालची चिकणमाती जिथे वर येऊन पसरली, तिथे पीक एकसारखं उगवलं. मग त्यांनी ती मुद्दाम खणून वाळूवर पसरायला सुरुवात केली: हेक्टरी शंभर-दोनशे टन, म्हणजे चौरस मीटरला दहा ते वीस किलो. चिकणमातीचे कण वाळूच्या मेणचट कणांवर बसतात, मेण झाकलं जातं आणि पाणी पुन्हा आत शिरू लागतं. चिकणमाती कुजत नाही, उडून जात नाही. एकदा नीट मिसळलेली माती पिढीभर तिथेच राहते. पर्थचे बागवाले हेच काम बेंटोनाइट नावाच्या फुगणाऱ्या मातीची पोती आणून करतात.

उष्ण हवेत ही गोष्ट एवढी महत्त्वाची का, ते शेणखताच्या आयुष्यावरून कळतं. कुजण्याचं काम जिवाणूंचं. जमिनीत ओल असेल तर तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचा वेग साधारण दुप्पट होतो. थंड देशात जे खत वर्षानुवर्षं मातीत काळं दिसतं, ते आपल्याकडे दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत दिसेनासं होतं. चिकणमातीच्या जमिनीत निदान काही ह्युमस, म्हणजे कुजून उरलेला सेंद्रिय अंश, बारीक कणांना चिकटून, ढेकळांच्या पोटात दडून वाचतो. वाळूत त्याला दडायला जागा नाही. वरून कोकणचा तीन हजार मिलिमीटर पाऊस, म्हणजे उरलंसुरलं धुऊन नेणारा. केवळ खतावर वाळू सुधारू पाहणारा माणूस गळक्या हंड्यात पाणी भरत असतो. चिकणमाती तो हंडा लिंपते.

किती घालायची? माझा हिशेब सांगतो. एक चौरस मीटर जागा, वीस सेंटिमीटर खोल, म्हणजे साधारण तीनशे किलो वाळू. तिच्यात वजनानं पाच टक्के चिकण यावा असं धरलं तर पंधरा किलो शुद्ध चिकण हवा. आपल्याला मिळणाऱ्या चिकट मातीत चिकणाचं प्रमाण निम्म्याच्या आसपास असतं, म्हणून तीस किलो माती, म्हणजे दोन-तीन घमेली. पाच टक्के ऐकायला कमी वाटतात, पण वाळूचा पोत बदलायला तेवढे पुरतात. ओली मूठ आवळली की गोळा व्हायला लागतो.

अडचण मिसळण्याची आहे. ओल्या चिकणमातीचे गोळे वाळूत टाकले तर ते गोळेच राहतात, वर्षानंतर खणलं तर जसेच्या तसे निघतात. माती उन्हात कडकडीत वाळवून, बडवून, चाळून पिठासारखी करावी आणि कोरड्या वाळूवर पसरून फावड्यानं दोन-तीनदा उलटीपालटी करावी. दुसरी रीत म्हणजे पिंपात कालवून पातळ रबडी करायची, वाफ्यावर ओतायची आणि लगेच खणायचं. नॉर्वेच्या डेझर्ट कंट्रोल या कंपनीनं हीच कल्पना यंत्रानं पुढे नेली आहे. मातीचे कण पाण्यात इतके सुटे करायचे, की ते फवाऱ्याबरोबर वाळूत स्वतःच खोल झिरपतील. दुबईच्या क्षारभूमी कृषी संशोधन केंद्रात २०२० साली अशा वाळूत कलिंगडं काढून दाखवली गेली. घरगुती बागेला हे तंत्र परवडणारं नाही, पण त्यामागचा विचार आपल्या पिंपातल्या रबडीला लागू पडतो: माती जितकी पातळ आणि सुटी, तितकी ती वाळूत नीट बसते.

माती आणायची कुठून हा प्रश्न जपून सोडवायला हवा. ट्रकनं मिळणारी ‘लाल माती’ पुष्कळदा मुरूमच असतो, पाण्यात कालवला की तळाशी खडी उरते. भाताच्या मळ्यातली वरची माती विकत घेणं तर मला अन्यायाचं वाटतं. कुणाच्या तरी शेताची शंभर वर्षांची कमाई आपण चार वांग्यांसाठी उचलून आणतो. गावतळ्याचा गाळ ही सर्वांत चांगली जागा. महाराष्ट्रात २०१७पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत धरणं-तलावांतला गाळ शेतात जातो. त्याच धर्तीवर गावातला तलाव उपसला जात असेल तेव्हा दोन ट्रॉल्या मागून घ्याव्यात. मातीच्या भिंतींची जुनी घरं पाडली जातात, ती भिंतींची मातीही उत्तम: मळलेली, तुडवलेली, बारीक. आमच्या वाफ्यांत आजोबांच्या गोठ्याची भिंत आहे. खाडीचा गाळ मात्र जवळ आहे म्हणून सरळ उचलू नये. त्यात मीठ असतं, आणि सोडियम चढलेला चिकण वाळला की दगड होतो. आणायचाच तर एक पावसाळा उघड्यावर पसरून धुऊन घ्यावा.

कोकणी किनाऱ्याकडे चिकणमातीच्या तोडीचं दुसरं एक साधन आहे, आणि ते आपल्या हाताशी आहे म्हणूनच त्याची किंमत कळत नाही. नारळाचं सोडण. काकीच्या सांगण्यावरून आम्ही विहिरीजवळच्या माडाच्या बाजूला खणत होतो. हातभर खोलीवर फावडं मऊ कशात तरी रुतलं. वाळू हातानं बाजूला केली तर खाली सोडणांचा थर लागला, वाटीसारखी तोंडं वर करून ओळीनं मांडलेला. काकीच्या सासऱ्यांनी तो कधीतरी पुरला होता. सोडणं काळी, स्पंजासारखी झाली होती. एक उचलून पिळलं तर बोटांमधून पाणी गळलं, ऐन मे महिन्यात, तीन दिवस पाणी न घातलेल्या जागी. माडाची पांढरी-तांबूस मुळं त्या वाट्यांत शिरून जाळी विणून बसली होती. वरच्या कोरड्या वाळूत एकही मूळ नव्हतं.

हे काही फक्त घरचं शहाणपण नाही. १९१६ साली नारळ संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेल्या कासारगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेची शिफारस अशीच आहे: माडापासून दीड-दोन मीटरवर चर किंवा गोल आळं खणून सोडणं पोकळ बाजू वर करून थरांनी पुरावीत, सर्वांत वरचा थर उलटा ठेवावा. सोडण आपल्या वजनाच्या काही पट पाणी धरतं, त्यात पोटॅश भरपूर असतं आणि त्याचा उपयोग पाच ते सात वर्षं होत राहतो. उष्ण वाळूत इतकी वर्षं टिकणारा दुसरा स्वस्त सेंद्रिय माल मला माहीत नाही. कारण त्याच्यातलं लिग्निन. जिवाणूंना ते सहजी पचत नाही. भाजीच्या वाफ्याखालीही दीड-दोन फुटांवर सोडणांचा एक थर घालता येतो. पाणी खाली पळताना तिथे अडतं.

सोडणाचा काथ्या काढल्यावर उरणारा भुसा, म्हणजे कोकोपीट, याबद्दल थोडं सावध करावंसं वाटतं. पाणी तो वजनाच्या पाच-आठ पट धरतो हे खरं. पण काथ्यासाठी सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतील तर मीठही त्याच्यात असतं. पहिल्या वर्षी मी एका दुकानातून आणलेल्या विटा नुसत्या भिजवून वापरल्या आणि मिरचीच्या सगळ्या रोपांची पानं कडेनं करपली. दोन-तीनदा गोड्या पाण्यात भिजवून, पिळून, पाणी टाकून दिलं की हा त्रास राहत नाही. शिवाय कच्च्या भुशात कर्ब नत्राच्या शंभरपटीच्या आसपास असतो. तो सरळ मातीत गेला की कुजवणारे जिवाणू वाफ्यातला नत्र आधी स्वतः खातात आणि रोपं पिवळी पडतात. कॉयर बोर्डाचं ‘पिथप्लस’ हे आळिंबीच्या बुरशीचं विरजण आहे. ते आणि थोडा युरिया घालून भुसा महिनाभर कुजवला तर त्याचं चांगलं खत होतं.

बाकीच्या सेंद्रिय मालाबद्दल नियम एकच: थोडं थोडं, वारंवार, आणि कुजलेलं व कच्चं दोन्ही. गायरीतलं शेणखत पावसाच्या आधी एकदम ओतलं तर त्यातला नत्र विहिरीत जातो. त्यापेक्षा श्रावण संपत आल्यावर निम्मं आणि मग महिन्या-दीड महिन्यानं मूठमूठ. पावसाळ्यात वाफा उघडा टाकण्याऐवजी ताग किंवा धैंचा पेरावा आणि पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, फुलं यायच्या सुमाराला, गाडावा. धैंचाला साचलेलं पाणी आणि थोडं मीठ दोन्ही सोसतं, म्हणून खाडीकाठी तोच. कुंपणाला गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, लावली असेल तर वर्षभर हिरवा पाला हाताशी राहतो आणि त्याच्या पानांत नत्र चांगला असतो. तारल्यांच्या दिवसांत मासळीचं खत माडांना घालण्याची किनाऱ्यावरची चाल जुनी आहे. वाळूला जे कमी पडतं, नत्र आणि स्फुरद, तेच त्यात असतं. ते पुरून वर माती मात्र जाड टाकावी, नाहीतर कुत्री रात्रभर उकरतात.

राखेबद्दल किनाऱ्यावर वेगळा विचार करावा लागतो. चुलीची राख वाफ्यात टाकायची सवय सगळीकडे आहे. जांभ्याच्या आम्ल मातीत ती चालते. पण पुळणीच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. मूठभर वाळूवर लिंबू पिळा. फेस आला तर चुना आहे, आणि अशा वाळूत राख टाकणं म्हणजे चुन्यावर चुना. मग लोह पिकाला मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या दिसायला लागतात. त्यावर पुन्हा खत घालून काही होत नाही.

कोळशाची गोष्ट राखेपेक्षा वेगळी. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी तिथल्या लोकांनी कोळसा, हाडं, खापरं आणि कचरा मुरवून काळी सुपीक माती तयार केली. आसपासची माती निकस असताना ती आजही काळी आहे. डच मृदाशास्त्रज्ञ विम सोंब्रुक यांनी १९६६ साली त्या मातीवर लिहिलं आणि पुढे त्यातूनच बायोचारचा, म्हणजे मातीत घालायच्या कोळशाचा, अभ्यास वाढला. कोळसा कुजत नाही, सच्छिद्र असतो, म्हणून उष्ण वाळूला तो सोयीचा. आमच्याकडे करवंट्यांचा कोळसा करणं अवघड नाही. पण कोरा कोळसा घातला तर सुरुवातीला तोच अन्नद्रव्यं शोषून घेतो. तो बारीक करून पंधरा दिवस गोमूत्रात किंवा शेणकाल्यात भिजत ठेवावा. आणि चुना असलेल्या वाळूत हात आखडता घ्यावा, कारण कोळशाबरोबर राखही येतेच.

पाणी धरणाऱ्या जेलची जाहिरात हल्ली फार असते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं ‘पुसा हायड्रोजेल’ सेल्युलोजपासून केलेलं आहे आणि शुद्ध पाण्यात ते वजनाच्या साडेतीनशे पट फुगतं. शेतकऱ्याला पाण्याची एखादी पाळी वाचवायला त्याचा उपयोग आहे. पण पाण्यात क्षार असले की फुगणं बरंच कमी होतं, आणि ते अन्नद्रव्यं देत नाही. परसबागेत तेवढ्या पैशांत गाळाची ट्रॉली येते. मी गाळ घेईन.

आता वाफ्याच्या आकाराकडे येऊ, कारण यात सर्वांत जास्त फसगत होते. परदेशी पुस्तकांतले फळ्या ठोकून केलेले उंच वाफे सगळ्यांना आवडतात. थंड, ओल्या, चिकण जमिनीत ते योग्यच आहेत. उष्ण वाळूत उंच वाफा म्हणजे चारही बाजूंनी वाळणारी चाळण. वाळूत पिढ्यान्‌पिढ्या भाजी काढणारे लोक उलट खाली गेलेले दिसतात. अल्जीरियातल्या एल वेदजवळ खजुरीच्या बागा वाळूत खणलेल्या मोठ्या खळग्यांत असतात, मुळं थेट भूजलापाशी पोचतील इतक्या खोल. पोर्तुगालच्या पोव्हुआ दे वारझीमला वाळूच्या टेकड्या खणून केलेल्या बुडीत बागा आहेत. त्यांना समुद्री शेवाळाचं खत घालतात आणि उतारावर द्राक्षाचे वेल सोडून वाळू धरून ठेवतात. सेनेगलमध्ये डाकारच्या उत्तरेला किनाऱ्यानं वाळूच्या टेकड्यांमधल्या सखल जागांत शहराला पुरणारी भाजी पिकते आणि समुद्राकडून येणारी वाळू थोपवायला सुरूची झाडं लावलेली आहेत. न्यू मेक्सिकोतले झुनी लोक हातभर चौकोनांना मातीचे बांध घालून मधली जागा खोलगट ठेवतात, अगदी वॅफलसारखी. एकमेकांना कधीही न भेटलेल्या या माणसांनी एकच गोष्ट केली आहे.

कोकणात मात्र हे आठ महिनेच चालतं. जूनमध्ये खोल वाफ्याचं तळं होतं. म्हणून आमच्याकडे वाफ्याचा आकार ऋतूप्रमाणे बदलावा लागतो: पावसात गादीवाफा, मिरगाच्या आधी उचललेला, आणि दिवाळीच्या सुमाराला तोच मोडून खोल आळी आणि सऱ्या. कष्ट आहेत, पण याच उलथापालथीत चिकणमाती आणि खत वाळूत मिसळत जातं, त्यामुळे ते कष्ट वाया जात नाहीत.

पाणी देण्याबाबत थोडक्यात. वाळूत ठिबकचं पाणी आडवं पसरत नाही, गाजरासारखं सरळ खाली उतरतं. म्हणून तोट्या फूटभर अंतरावर हव्यात आणि पाणी एकदम तासभर न देता दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. वीज-नळ नसेल तर गाडगं. बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, तोंडावर झाकण. भोवतीची वाळू वाळेल तसतसं ते झिरपतं. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या चिनी कृषिग्रंथात पुरलेल्या मडक्याभोवती वेलभाज्या लावायची रीत सांगितली आहे, आणि आजही तिच्यात सुधारायला फारसं काही नाही. आमच्या दोन मडक्यांभोवती आठ काकडीचे वेल आहेत.

खताचंही तसंच. वाळू एका वेळी चिमूटभरच धरू शकते, तर चिमूटभरच द्यावं. हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेनं साहेलच्या वाळूत बाजरीच्या शेतकऱ्यांना हेच सांगितलं: बाटलीच्या झाकणात मावेल एवढं खत थेट बियाण्याच्या खड्ड्यात. घरच्या बागेत दर पंधरा दिवसांनी पातळ खतपाणी हे त्याचंच रूप. पर्थच्या स्वान नदीत शैवाल माजतं, त्याला वाळूतून झिरपून गेलेली खतं हे एक कारण आहे. आपल्याकडे वाळूतून झिरपलेलं खत घरच्या विहिरीत उतरतं, आणि ते पाणी आपण पितो.

मग सावली. एप्रिल-मेच्या दुपारी उघडी वाळू साठ अंशांपर्यंत तापते. त्या तापमानात वरच्या दोन बोटांत मूळ, गांडूळ, जिवाणू काहीच काम करू शकत नाही. चार बोटं पातेऱ्याचं आच्छादन, त्यावर चिरलेल्या झावळ्या, आणि रोपांवर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी किंवा नुसता झावळ्यांचा मांडव, एवढ्यानं पाणी देण्याच्या पाळ्या कमी होतात. वाळवी येते, म्हणून आच्छादन बुंध्यापासून वीतभर दूर ठेवावं. झाडाची सावली त्याहून चांगली, कारण ती पालाही देते. राजस्थानात शेतकरी शेतातली खेजडी तोडत नाहीत, तिच्याखालची जमीन सुपीक होते हे त्यांना माहीत असतं. खेजडी म्हणजे आपण दसऱ्याला पुजतो ती शमी, आणि संयुक्त अरब अमिरातींचं राष्ट्रीय झाड असलेलं ‘घाफ’ही तेच. आखातातल्या मराठी घरांना पुळणीची बाग करायची तर या ओळखीच्या झाडापासून सुरुवात करता येईल. रत्नागिरीजवळ समुद्रकाठच्या भाट्ये संशोधन केंद्रात माडांच्या सावलीत दालचिनी, जायफळ, मिरी यांची जी ‘लाखी बाग’ उभी राहिली, तिच्यातही वाळूवर छत हवं हेच सूत्र आहे.

एका शत्रूबद्दल फार कमी लिहिलं जातं. वाळू सच्छिद्र आणि उबदार, म्हणून मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना ती फार मानवते. भेंडी, वांगं, टोमॅटो पाणी-खत असूनही खुरटे राहिले तर एक रोप उपटून मुळं बघावीत. मण्यांसारख्या गाठी दिसल्या की आणखी खत घालणं निरर्थक. त्या जागी एक हंगाम झेंडू लावावा, चौरस मीटरला शंभर-दोनशे ग्रॅम निंबोळी पेंड मिसळावी, आणि एप्रिल-मेमध्ये वाफा ओला करून पारदर्शक प्लॅस्टिकनं चार-सहा आठवडे झाकून ठेवावा. जे ऊन आपल्या ह्युमसचा नाश करतं, त्याच उन्हाकडून हे एक काम करून घेता येतं.

वाळूची बाजूही मांडायला हवी. तिच्यात पाणी तुंबून मूळ सडत नाही. रताळी, भुईमूग, गाजर, मुळा सरळ आणि स्वच्छ निघतात. चवळी आणि कुळीथ फारसं न मागता येतात आणि जाताना नत्र ठेवून जातात. कलिंगडाला तर अशीच जमीन आवडते. सुधारणा चालू असताना पहिली दोन वर्षं हीच पिकं घ्यावीत. कोबी-फ्लॉवर मागून.

या मे महिन्यात मी त्याच जागी पुन्हा खणून पाहिलं. वरची वीतभर माती तपकिरी झाली आहे. तिच्याखाली रेघ मारावी तशी पांढरी वाळू सुरू होते आणि गांडुळं त्या रेघेपाशी थांबतात. मूठभर माती काचेच्या बरणीत पाण्याबरोबर हलवली. चार वर्षांपूर्वी पाणी अर्ध्या मिनिटात नितळ झालं होतं. या वेळी ते संध्याकाळपर्यंत गढूळ होतं आणि वाळूवर बोटाच्या पेराएवढा गाळ बसला. काकीनं बरणी उचलून उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि खाली ठेवली. विहिरीमागे तिनं सोडणं साठवून ठेवली आहेत. पावसाच्या आधी पूर्वेकडच्या दोन वाफ्यांखाली ती घालायची आहेत.